धातूची धास्ती

लग्नसराई सरली की महिन्या-दोन महिन्यांत एक ठरावीक पेशंट दवाखान्यात दिसू लागतो. बाविशी ते तिशीचा, अंगाने धडधाकट, सोबत कोणी नाही, नंबर मुद्दाम सगळ्यांत शेवटी लावलेला. आधी पाठदुखी सांगतो, मग अशक्तपणा. मी दार लोटून घेतलं की खाली बघत म्हणतो, "माले कमजोरी शे, डाक्टर." ही कमजोरी कसली, हे आमच्या मोसम खोऱ्यात कुठल्या डॉक्टरला विचारावं लागत नाही. शाळेच्या वयात हस्तमैथुन केलं, झोपेत वीर्य गेलं, त्यात सगळी 'धातू' निघून गेली आणि आता संसार व्हायचा नाही, असं त्याने मनाशी पक्कं धरलेलं असतं.

तर मंडळी, वीर्य संपत नाही. रक्ताच्या शंभर थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, हे साफ खोटं आहे. शुक्रजंतू वृषणात तयार होतात, बाकीचा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो, आणि त्यातला बहुतेक भाग पाणीच असतो. एका वेळी साधारण २ ते ५ मिलिलिटर. ते बाहेर गेलं काय नि न गेलं काय, शरीर नवं करतच राहतं. त्याने हिमोग्लोबिन उतरत नाही, गाल बसत नाहीत, लिंग वाकडं होत नाही, मूल व्हायला अडचण येत नाही. झोपेत वीर्य जाणं हा वयात आल्याचा भाग आहे. शौचाला जोर केल्यावर दिसणारा चिकट थेंब बहुधा प्रोस्टेटचा स्राव असतो, आणि लघवी अधूनमधून पांढुरकी दिसते ती बऱ्याचदा क्षारांमुळे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्येच या तक्रारीला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. थकवा खरा असतो, झोप खरंच उडालेली असते, आणि मुळाशी असते धास्ती. तेव्हा पेशंट खोटं बोलतो असं मी कधीच म्हणत नाही. त्याला जे शिकवलं गेलं ते खोटं होतं.

एक उदाहरण सांगतो, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. लग्नाला चार महिने झालेला एक शेतकरी मुलगा. उन्हाळ कांद्याचे पैसे हातात आले तसा तो रस्त्याकडेच्या जडीबुटीच्या तंबूत गेला. तिथे भाव तोळ्याचा सांगतात, कुटून मिसळेपर्यंत तोळे किती झाले ते कळत नाही, आणि कुटलेलं औषध परत घेत नाहीत. निम्मे पैसे तिथेच गेले. इकडे घरी तो बायकोकडे पाठ करून झोपायचा. ती समजली, मी याला पसंत नाही. तिच्या आईला वाटलं कोणाची नजर लागली, म्हणून तिला भगताकडे नेऊन झालं. सासरी फारकतीची कुजबुज सुरू झाली. चार महिन्यांत हा विषय दोन्ही घरांतल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आला होता, फक्त हे दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नव्हते.

मी त्याला विचारलं, सकाळी उठताना ताठरता येते का? येते म्हणाला. मग नसा आणि रक्तवाहिन्या बऱ्यापैकी ठीक असणार. साखर आणि रक्तदाब तपासले, दोन्ही बरोबर. नापास होऊ या भीतीने शरीर आखडत होतं. पुढच्या खेपेला दोघांना एकत्र बोलावलं. सगळी चूर्णं बंद केली आणि काही आठवडे संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही, नुसतं जवळ बसायचं, हात हातात घ्यायचा, बोलायचं, असं सांगितलं. परीक्षाच रद्द झाली म्हटल्यावर मुलगा सैलावला. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. लग्नाआधी एका थोरल्या बहिणीने तिला एवढंच सांगितलं होतं, "दुखतं, दात धरून सहन करायचं." म्हणजे तो हरायच्या भीतीने आलेला आणि ती दुखायच्या. अशा जोडप्याचा संसार पहिल्या वर्षी रुळावर आला नाही, तर त्याचं कारण नशिबात शोधायला जाऊ नका. त्यांना वेळेवर कोणी चार वाक्यं नीट सांगितली नव्हती. हे जोडपं आज सुखात आहे. नवं औषध एकही लागलं नाही.

हे सगळं मराठीत सांगून झालेलं आहे, याचं जास्त वाईट वाटतं. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदराला खार लावून चालवलं. वाचकांच्या अशाच प्रश्नांना त्यांनी सरळ शास्त्रीय उत्तरं दिली, त्यांत हस्तमैथुनाचाही प्रश्न होता. त्यावरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही कर्व्यांना दंड झालाच. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, २००७ मध्ये, आपल्या राज्यातला शाळांमधला लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम लोकप्रतिनिधींच्या विरोधामुळे थांबवला गेला. कारण तेच जुनं, मुलं बिघडतील. युनेस्कोने जगभरचे अभ्यास एकत्र तपासून २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली, तिच्यात निष्कर्ष स्पष्ट आहे: अशा शिक्षणाने मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत, कित्येक ठिकाणी ती उलट उशिरा सुरुवात करतात आणि जास्त काळजी घेतात. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची 'तारुण्यभान' शिबिरं खेड्यापाड्यांतल्या मुला-मुलींसाठीच झाली. खेड्यात हे चालणार नाही, असं मला पुन्हा कोणी सांगू नये.

पालकांनो, तुम्ही बोलला नाहीत म्हणून मुलगा अडाणी राहत नाही, तो मोबाइलवर शिकतो. तिथे जे दिसतं ते नट-नट्यांचं ठरवून, कापून जोडलेलं चित्रण असतं. त्यात नको म्हणणारं कोणी नसतं, लाजणारं नसतं, गर्भनिरोधक नसतं. तोच नमुना डोक्यात घेऊन तो नवरा होतो.

आता थोडं रागावून. भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' रंगवलेला पाहून जाणाऱ्यांनो, तुमच्या लाजेवरच त्यांचा धंदा चालतो. त्या पुड्यांमध्ये काय घातलंय ते तुम्हाला माहीत नसतं. कधी स्टेरॉइड निघतं, कधी शिसं-पारा. मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची गोळीही चिठ्ठीशिवाय घेऊ नका. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू असेल, तर या दोघींची गाठ जिवावर बेतते. ताठरता चार तास उतरली नाही, तर वाट न बघता मोठं रुग्णालय गाठायचं.

धातूची भीती सोडा, पण पुढच्या गोष्टींत लाज धरून बसू नका. लघवीला जळजळ, लिंगातून पू, जननेंद्रियावर फोड किंवा जखम, वीर्यात वा लघवीत रक्त, वृषणात गाठ: लगेच दाखवा. एका बाजूचं वृषण अचानक ठणकू लागलं, तर तास मोजा. पीळ बसला असेल तर साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालेलं बरं, सकाळची एसटी बघत बसू नका. चाळिशीनंतर ताठरता हळूहळू कमी होत असेल, तर ती मधुमेहाची किंवा हृदयविकाराची आगाऊ सूचना असू शकते. बायकांसाठी: घाण वासाचा स्राव, ओटीपोटात दुखून ताप, संबंधानंतर रक्तस्राव, दर वेळी होणारी वेदना. यातलं काहीही सहन करायचं नसतं. आणि या धास्तीपायी जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा, रात्री-अपरात्रीही उचलतात.

आई-वडिलांना भाषण द्यायला मी सांगत नाही. मुलगा बाराचा झाला की बापाने शेतात पाणी भरताना एवढंच म्हणावं, "आता तुझ्या अंगात बदल होतील, झोपेत कपडे ओले होतील, घाबरू नको, मलाही झालं होतं." मुलीला पाळी येण्याआधी आईने सांगावं, आणि दोघांनाही सांगावं की नको म्हटलं की थांबायचं, आणि कोणी नको तिथे हात लावला तर घरी बोलायचं, मार बसणार नाही. तेवढी हिंमत होत नसेल, तर शासकीय रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री क्लिनिक' असतं, तिथे समुपदेशक ऐकून घेतात. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननसंस्थेचा धडा आहे, गुरुजी-बाईंनी तो "घरी वाचून या" म्हणून सोडू नये. आणि नव्या नवरा-बायकोंनो, तपासायला याल तेव्हा दोघं मिळून या. जुन्या पुड्या फेकू नका, सोबत आणा, म्हणजे पोटात काय काय गेलंय याचा अंदाज येईल.