जलपर्णीचे निर्मूलन आणि सहकाऱ्यांचे श्रमदान

गावचे तळे किंवा बंधाऱ्याचा फुगवटा हिरव्या पानांनी झाकून गेला व त्यावर जांभळी फुले डोलू लागली, की ते दृश्य डोळ्यांस सुखावते. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र ते एक संकटच होय. जलपर्णीच्या दाट थरामुळे पाण्यातील प्राणवायू घटून मासे मरतात, पंपाचे फूटव्हॉल्व्ह तुंबतात, पाटाचा प्रवाह मंदावतो आणि डासांची पैदास वाढते.

वनस्पतीची ओळख

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली. तेथील जलमार्ग व भातशेती यांस तिचा इतका उपद्रव झाला, की १९३६ साली ती काढून टाकण्यासाठी खास कायदा करावा लागला. महाराष्ट्रात पंचगंगा, इंद्रायणी, मुळा-मुठा इत्यादी नद्यांत ती सर्वांच्या परिचयाची आहे. सांडपाण्यातून येणारे नत्र व स्फुरद हे तिचे मुख्य खाद्य होय.

तिची वाढ दोन प्रकारे होते. आडव्या फुटव्यांपासून नवी रोपे तयार होतात. शिवाय फुलांपासून बी धरून ते तळाच्या गाळात १५ ते २० वर्षे जिवंत राहू शकते.

एका दिवसाचे काम अपुरे का पडते?

अनुकूल हवेत जलपर्णी सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. समजा, एखाद्या कचेरीतील, शाळेतील किंवा सहकारी संस्थेतील सहकाऱ्यांनी सुटीच्या दिवशी श्रमदान करून तळे स्वच्छ केले. परंतु काठाच्या लव्हाळ्यात केवळ चौसष्टावा भाग राहून गेला. दोन आठवड्यांनी त्याचा बत्तिसावा भाग होईल, चार आठवड्यांनी सोळावा, आणि बारा आठवड्यांत सर्व तळे पुन्हा भरून जाईल. म्हणून पहिल्या दिवशी किती गाड्या भरल्या, यापेक्षा मागे किती रोपे राहिली, यावरच श्रमदानाचे यश अवलंबून असते.

कामाची आखणी

१. उन्हाळ्यात पाणी कमी असताना व फुलोरा येण्यापूर्वी काम हाती घ्यावे.

२. वारा ज्या काठाकडे वाहतो, तेथे जलपर्णी आपोआप गोळा होते. तेथूनच आरंभ करावा. मोकळ्या पाण्यातील थर बांबू बांधलेल्या दोराने वेढून काठाकडे ओढावा.

३. सहकाऱ्यांच्या तीन तुकड्या कराव्यात. पहिलीने ओढावे, दुसरीने काठावर उचलावे, तिसरीने वाहून न्यावे. पोहता येणाऱ्यांनीही खोल पाण्यात एकट्याने उतरू नये. गमबूट व हातमोजे वापरावेत. अंगावर जखम असल्यास पाण्यात जाऊ नये. थरात साप असण्याचा संभव असल्याने प्रथम काठीने चाळवून पाहावे.

४. काढलेली जलपर्णी पूररेषेच्या वर टाकावी. काठावर टाकलेली रोपे पहिल्या पावसात पुन्हा पाण्यात जातात.

५. बंधाऱ्याचे बर्गे काढून थर खाली सोडून देऊ नये. आपले संकट खालच्या गावाच्या माथी मारणे म्हणजे निर्मूलन नव्हे.

६. दर पंधरा दिवसांनी दोघा-तिघांनी काठाने फेरी मारून उरलेली रोपे वेचावीत. या फेऱ्यांची पाळी पहिल्याच दिवशी नावानिशी लिहून ठेवावी.

काढलेल्या जलपर्णीचा उपयोग

हिच्यात नऊ-दशांशांहून अधिक पाणी असते. म्हणून प्रथम चार-पाच दिवस सुकू द्यावी. नंतर खड्ड्यात जलपर्णी, शेणकाला व माती यांचे थर देऊन कंपोस्ट करावे व मधून मधून उलथापालथ करावी. फुलोरा आलेली रोपे खतात न घालता वेगळी ठेवावीत व पाण्यापासून दूर खोल पुरावीत. कारखान्यांचे सांडपाणी येणाऱ्या नदीतील जलपर्णी शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेते. तिचे खत भाजीपाल्यास देऊ नये व ती जनावरांसही घालू नये.

कायमचा उपाय

विस्तीर्ण जलाशयांसाठी सोंड्या भुंगेऱ्यांचा उपयोग १९८० नंतरच्या दशकात बंगळूर येथून सुरू झाला. परंतु त्याचा परिणाम दिसण्यास काही वर्षे लागतात. गावतळ्यास मनुष्यबळाचाच मार्ग जवळचा आहे. मात्र गटाराचे पाणी तळ्यात येत राहिले, तर दरवर्षी तेच श्रम करावे लागतील. यास्तव शोषखड्डे व परसबागा यांची कामे ग्रामसभेपुढे मांडून श्रमदानाबरोबरच हाती घ्यावीत. तसे झाल्यास सहकाऱ्यांचा घाम वाया जाणार नाही व गावाचे पाणी मोकळे राहील.