रोग्याचे ताट वेगळे का?



आपल्या वस्तीत ज्या घरी क्षयाचा रोगी आहे, त्या घरातील मांडणीकडे एकदा लक्ष देऊन पाहा. बहुधा एक ताटली, एक वाटी आणि एक पेला इतर भांड्यांपासून दूर, मोरीजवळ पालथा घातलेला दिसेल. ती रोग्याची भांडी. त्यांना दुसरे कोणी हात लावत नाही. रोग्याने ती स्वतः घासायची आणि स्वतःच ठेवायची. घरात त्रिशरण-पंचशील म्हटले जाते, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर असते, आणि त्याच भिंतीखाली ही वेगळी ताटली असते.

वेगळ्या भांड्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली कपबशी आपल्या वाडवडिलांनी पाहिली आहे. ओंजळीत वरून ओतलेले पाणी ते प्यायले आहेत. हा विटाळ नाकारून आपण धम्माच्या वाटेवर आलो. मग रोगाच्या निमित्ताने तो पुन्हा घरात का शिरावा?

यावर कोणी म्हणेल, हा विटाळ नव्हे. क्षय हा सांसर्गिक रोग आहे, तेव्हा काळजी घ्यायला नको काय? घ्यायलाच हवी. पण काळजी कशाची घ्यायची, हे रोगाचे कारण पाहून ठरवायचे असते. भगवान बुद्धांनी दुःखाच्या बाबतीत हीच रीत शिकविली. आधी कारण शोधा, मग उपाय करा.

क्षयाचे कारण २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे रॉबर्ट कॉख या शास्त्रज्ञाने जगापुढे मांडले. हा रोग एका जंतूमुळे होतो. फुफ्फुसाचा क्षय असलेला माणूस खोकतो, तेव्हा हे जंतू बारीक तुषारांबरोबर हवेत येतात, कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुफ्फुसात जातात. ताटातून, पेल्यातून, कपड्यांतून किंवा हात हातात घेतल्याने क्षय पसरत नाही. आता विचार करा. ताटली वेगळी ठेवली, आणि रात्री खिडकी लावून सगळे घर एकाच खोलीत झोपले, तर काय साधले? रोग्याचा अपमान तेवढा झाला.

कित्येक घरी अजूनही आधी देवऋषी होतो, अंगारा होतो, आणि मग दवाखाना. काही जण तर मागच्या जन्मीचे भोग म्हणून स्वस्थ बसतात. अशांनी मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची कथा वाचावी. माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मानेच होते काय, असे त्याने विचारले असता तथागतांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूंतील बदल अशी शरीराची उघड कारणे त्यांनी त्याला दाखविली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही पूर्वकर्माच्या या कल्पनेवर कठोर टीका केली आहे.

आता एक गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवा. ज्या १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्याच साली मद्रासच्या क्षय संशोधन केंद्रात एक प्रयोग सुरू झाला. १९३ गरीब रोग्यांपैकी निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच राहू देऊन तीच औषधे दिली. आरोग्यधामातल्यांना अन्न चांगले होते, विसावा होता. तरीही वर्षाअखेर दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारख्याच प्रमाणात बरे झाले. एवढेच नव्हे, तर पुढे पाच वर्षे घरच्या माणसांवर लक्ष ठेवले, तेव्हा रोगी घरी राहिल्यामुळे त्यांच्यात क्षय अधिक झाला असे आढळले नाही. औषधे सुरू झाली की रोग्यापासूनचा धोका झपाट्याने उतरतो. धोका असतो तो निदान होण्याच्या आधी, म्हणजे खोकला लपविण्याच्या काळात. आणि माणूस खोकला लपवतो, कारण त्याला त्या वेगळ्या ताटलीची धास्ती असते! आपल्या भीतीनेच रोग वाढतो, तो असा.

बायकांच्या वाट्याला हे अधिक येते. मुलाला क्षय झाला तर दवाखाना, आणि सुनेला झाला तर माहेर, असा न्याय चालतो. बौद्ध म्हणविणाऱ्या घराला हे शोभत नाही.

विनयपिटकात एका आजारी भिक्खूची हकिकत आहे. त्याला अतिसार झाला होता, आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी आपली शुश्रूषा करीत नाही, असे त्याने तथागतांना सांगितले. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून व पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. नंतर संघाला त्यांनी स्पष्ट सांगितले, की माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्याच प्रसंगी चांगल्या शुश्रूषकाचे गुणही त्यांनी सांगितले आहेत. त्यांत रोग्याची थुंकी काढण्याची किळस न वाटणे हा एक गुण आहे. चांगल्या रोग्याचेही गुण आहेत, ते रोग्यांनी वाचावेत: त्याने औषध घ्यावे आणि आपला आजार शुश्रूषकापासून लपवू नये.

तेव्हा असे करा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन किंवा खोकल्यातून रक्त, यांपैकी काहीही दिसले की सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहेत. घराच्या खिडक्या-दारे उघडी ठेवा. रोग्याने तोंडावर फडके धरून खोकावे, झाकणाच्या डब्यात थुंकावे, आणि ती थुंकी जाळावी किंवा पुरावी. पहिले काही आठवडे त्याचे अंथरूण हवेशीर जागी, लहान मुलांपासून दूर घालावे. जेवायला मात्र त्याला सर्वांबरोबर बसवा. घरातील बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या. रोग नसला तरी तो होऊ नये म्हणून त्यांना गोळ्या मिळतात.

अन्नाकडे दुर्लक्ष नको. झारखंडमध्ये रोग्यांच्या घरच्यांना दरमहा जादा धान्य व डाळ दिली, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. रोग्याच्या आहारासाठी सरकार निक्षय पोषण योजनेतून बँकेच्या खात्यात पैसे भरते. २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. हा पैसा गुत्त्यावर जाऊ देऊ नका. क्षयाच्या औषधांचा यकृतावर आधीच ताण पडतो, त्यात दारूची भर पडली तर जिवावर बेतते. पाचवे शील येथे अक्षरशः औषधाचे पथ्य आहे.

औषध साध्या क्षयाला सहा महिन्यांचे असते. पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आणि नेमक्या याच वेळी रोगी गोळ्या सोडतो. मग रोग उलटतो, आणि कधीकधी जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात. म्हणून विहारात रविवारच्या वंदनेला जमणाऱ्यांपैकी एकाने अशा एका रोग्याकडे रोज जाऊन, गोळी घेतली की नाही, एवढे विचारण्याचे काम पत्करावे. गोळ्यांमुळे लघवी तांबूस-नारिंगी होते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या होऊ लागल्या किंवा दिसायला अंधुक झाले, तर मात्र त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे घेऊन जावे.