संदेशांचा माग

जबलपूर येथे दूरसंचाराचे शिक्षण देणारी संस्था १९४२ पासून आहे. तारयंत्राच्या काळी तेथील तारघरात तार येई, तेव्हा मजकुराआधी एक मथळा येत असे. त्यात निघाल्याचे ठिकाण, वेळ आणि शब्दसंख्या असे. घेणारा तारबाबू शब्द मोजून ती संख्या ताडून पाही. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली. ही सावधगिरी मात्र संगणकांच्या संभाषणात टिकून आहे.

पोस्टग्रेएसक्यूएल ही माहितीकोश सांभाळणारी एक संगणक-प्रणाली होय. माहिती मागणारा तो ग्राहक व पुरविणारा तो सेवक. जोडणी जुळविणारा पहिला संदेश सोडला, तर त्यांच्यातील प्रत्येक संदेशाच्या आरंभी प्रकार सांगणारे एक अक्षर आणि मग चार बाइटांत लांबी असते. या लांबीत ते चार बाइट धरतात, पहिले अक्षर धरीत नाहीत. नवशिका येथे हटकून अडखळतो.

ग्राहकाने केवळ १ हा अंक मागितला, तर उत्तरादाखल येणाऱ्या संदेशांपैकी एक असा असतो:

६८, ०, ०, ०, ११, ०, १, ०, ०, ०, १, ४९

६८ म्हणजे रोमन ‘डी’. ११ ही लांबी. पुढे रकाना एक, त्यातील मजकूर एक बाइटाचा, आणि ४९ हा ‘१’ या अंकाचा संकेत. यंत्राला एवढे पुरते. परंतु बिघाड शोधणाऱ्यापुढे अशा हजार ओळी टाकल्या, तर त्याने काय वाचावे? म्हणून माग-नोंदीत हाच संदेश असा उतरवावा लागतो:

सेवकाकडून, ११, ‘ओळीची माहिती’, रकाने १, लांबी १, ‘१’

यात दिशेचे महत्त्व सर्वाधिक. तेच ‘डी’ ग्राहकाकडून निघाले, तर त्याचा अर्थ ‘वर्णन द्या’ असा होतो. सेवकाचे ‘ई’ म्हणजे चूक झाल्याची वर्दी, ग्राहकाचे ‘ई’ म्हणजे ‘अंमल करा’ ही आज्ञा! दिशा ठाऊक नसेल, तर संदेशाला नावच देता येत नाही.

जुन्या नोंदीत एकच संदेश अनेक ओळींत विखुरला जाई. २०२१ मधील चौदाव्या आवृत्तीपासून एका संदेशास एक ओळ मिळाली: वेळ, दिशा, लांबी, नाव, मजकूर. विलंब कोठे होतो हे वेळेवरून कळते. पण दोन दिवसांच्या नोंदी ताडून पाहताना तीच वेळ प्रत्येक ओळ वेगळी करून टाकते. यास्तव ती गाळण्याची सोय ठेवलेली आहे, आणि ती योग्यच होय. ग्राहकाने विचारलेला मजकूर मात्र नोंदीत जसाच्या तसा उतरतो. त्यात कोणाचे खाजगी तपशील असल्यास तेही. अशी नोंद परक्या हाती देण्यापूर्वी ती एकदा वाचून पाहावी लागते.