घरातला गेमिंग कॉम्प्युटर अभ्यासाला कसा लावायचा?



दहावी-बारावीच्या पालकसभेत हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "सर, पोरानं गेमचा कॉम्प्युटर घेतला. रात्री-बेरात्री खेळत राहते. आता अभ्यासासाठी साधा लॅपटॉप वेगळा घ्यावा काय?" विचारणारे पालक कोळसा खाणीत पाळी करणारे असतात, धानाची शेती करणारे असतात, नाहीतर छोटं दुकान चालवणारे असतात. एकदा साठ-सत्तर हजार गेलेले असतात आणि आता आणखी तीस-चाळीस हजारांची तयारी चाललेली असते.

उत्तर आधीच सांगतो. दुसरा घेऊ नका. घरात आहे त्याच यंत्रावर शाळा-कॉलेजचा सगळा अभ्यास आणि घरचं सगळं ऑनलाइन काम होतं. फक्त ते नीट मांडून घ्यावं लागतं. चंद्रपूर-गडचिरोलीत ऊन, धूळ, वीज आणि नेटवर्क या चार गोष्टींचा विचार जास्त करावा लागतो, एवढंच.

१) गेमिंग कॉम्प्युटर म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसर, रॅम, एसएसडी, कीबोर्ड, पडदा हे सगळं साध्या संगणकात असतं तेच इथेही असतं. मुख्य फरक ग्राफिक्स कार्डाचा. प्रोसेसरमध्ये थोडे पण हुशार कामगार असतात, तर ग्राफिक्स कार्डात हजारो साधे कामगार एकाच वेळी राबतात. धान रोवणीचं उदाहरण मुलांना पटकन कळतं. बांधीत एकच तरबेज माणूस उतरवला तर दिवस जाईल, पण तीस बाया ओळीनं उतरल्या की दुपारपर्यंत काम आटोपतं. पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच वेळी रंगवायचे असतात, म्हणून गेमला ही फौज लागते.

हीच फौज विज्ञानालाही कामाची ठरली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुटस्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रं ओळखणारा प्रोग्राम तयार केला. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात तिथून झाली असं मानतात. तो शिकवला गेला दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर, म्हणजे गेम खेळणारी मुलं विकत घेत होती त्याच कार्डांवर. हिंटन यांना २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. "गेमच्या डब्ब्यात अभ्यास होत नाही" म्हणणाऱ्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

२) कोणत्या अभ्यासाला खरा फायदा?

इथे मुलांचंही थोडं खरं करून घ्यावं लागतं. "अभ्यासासाठी लागते" हे प्रत्येक वेळी खरं नसतं.

- पोलीस भरती, एमपीएससी, कला, वाणिज्य, टायपिंग, पीडीएफ वाचन, ऑनलाइन तास: ग्राफिक्स कार्डाचा काहीच उपयोग नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा संगणक पुरतो.
- प्रोग्रामिंग शिकणं: सुरुवातीची दोन-तीन वर्षं कार्ड लागत नाही. रॅम जास्त असली तर बरं.
- इंजिनिअरिंगचं त्रिमितीय डिझाइन, ब्लेंडरमधलं अ‍ॅनिमेशन, व्हिडिओ संपादन, मशीन लर्निंग: इथे कार्डाचा खरा फायदा दिसतो.
- नकाशाचं काम: क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आपल्या भागात फार उपयोगाचं आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि त्यानंतर गडचिरोलीत अनेक ग्रामसभा या वाटेनं गेल्या. वनाची हद्द, तळी, बांबूचे पट्टे नकाशावर मांडता येणारी गावातलीच पोरं-पोरी हवी आहेत. या कामाला कार्डापेक्षा रॅम आणि मोठा पडदा उपयोगी पडतो, आणि गेमिंग संगणकात ते दोन्ही बहुधा असतातच.

३) ऊन आणि धूळ

मे महिन्यात चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. संगणकाचे पंखे खोलीतलीच हवा आत ओढतात. थंडीत, खोली २५ अंश असताना, एखादा भाग ७० अंशांवर चालत असेल, तर ४० अंशांच्या खोलीत तोच भाग ८५ च्या आसपास जाईल. फार तापला की संगणक स्वतःच वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर बंद पडतो. म्हणून:

- जड काम सकाळी करा. दुपारी वाचन, टायपिंग यांसारखं हलकं काम ठेवा.
- गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर बांधा. वीजही कमी लागते आणि उष्णताही.
- कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका. मागे वीतभर जागा सोडा.
- कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको, त्यातून पाण्याचे तुषार येतात. खिडकी उघडी ठेवून खोली थंड करा.
- खाणपट्ट्यात आणि कोळशाचे ट्रक जातात त्या रस्त्यालगत काळी धूळ बसते. जाळी दर महिन्याला मऊ ब्रशनं साफ करा. आधी प्लग काढा, आणि हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

गेमिंग लॅपटॉप असेल तर तो गादीवर कधीच ठेवू नका. खालून हवा घेण्याची जागा बंद होते. सेटिंगमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती सुरू करा. अभ्यासाच्या वेळी शांत किंवा बचतीचा मोड लावा, म्हणजे मोठं कार्ड झोपून राहतं, पंखा ओरडत नाही आणि बॅटरीही जास्त वेळ पुरते.

४) विजेचं गणित: वर्गात सोडवण्यासाठी

देशातल्या मोठ्या औष्णिक केंद्रांपैकी एक, २९२० मेगावॅटचं, आपल्या चंद्रपुरात आहे. तरी गावात लाइट जातेच आणि बिलही येतेच. दहावीच्या विज्ञानाला जोडून हे उदाहरण फळ्यावर घ्या.

समजा, अभ्यास करताना संगणक ८० वॅट घेतो आणि गेम खेळताना ४०० वॅट. रोज ४ तास वापर धरा.

अभ्यास: ८० × ४ = ३२० वॅट-तास, महिन्याला ९.६ युनिट.
गेम: ४०० × ४ = १६०० वॅट-तास, महिन्याला ४८ युनिट.

यंत्र तेच, पण फरक पाचपटीचा. घरगुती वीजदर १०० युनिटच्या पुढे चढतो. ज्या घराचं बिल ७० युनिटचं आहे, तिथे अभ्यासानं ते ८० च्या आत राहील, पण गेमनं १०० ओलांडेल. मुलांना आपापल्या घरचं बिल आणायला सांगा आणि त्यावरचेच दर घेऊन रक्कम काढायला लावा. "गेम बंद कर" असं दहा वेळा सांगण्यापेक्षा पोरानं स्वतः काढलेला आकडा जास्त बोलतो.

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत भार झेलतो. अभ्यासाच्या भारावर तो फाइल जतन करून संगणक नीट बंद करण्याइतका वेळ देईल. गेम चालू असताना लाइट गेली तर मात्र त्याच क्षणी बसेल. अर्थिंग तपासून घ्या. मृगाच्या आधीच्या विजांच्या वेळी विजेचा प्लग आणि इंटरनेटची केबल, दोन्ही काढून ठेवा.

५) एक संगणक, दोन खाती

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. विंडोजमध्ये दोन वेगळी खाती करा, एक "अभ्यास" आणि एक "खेळ". अभ्यासाच्या खात्यात गेमचं एकही चिन्ह नको, चॅटच्या सूचना नकोत, रंगीत दिवे बंद. संगणक सुरू होताच गेमचं सॉफ्टवेअर आपोआप उघडत असेल तर ती सोय बंद करा. दोन्ही खाती साधी ठेवा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड पालकांकडे असू द्या. खातं बदलायला अर्धं मिनिट लागतं, पण तेवढ्यात मनही बदलतं.

दुसरं कारण सुरक्षिततेचं. याच संगणकावरून आपण महाडीबीटीचा शिष्यवृत्ती अर्ज भरतो. आधार, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक, सगळं त्यात असतं. फुकटात मिळणारे "क्रॅक" गेम आणि चीट यांच्यासोबत पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येऊ शकतात, आणि ते आत शिरले तर वेगळं खातंही दरवेळी वाचवत नाही. चोरीचा गेम या यंत्रावर नको, हा नियम ठाम ठेवा. पाचशे रुपयांच्या गेमपायी वर्षाची शिष्यवृत्ती धोक्यात घालायची नाही.

मराठी टायपिंगसाठी विंडोजमधला मराठी कीबोर्ड सुरू करा आणि युनिकोडमध्येच लिहायची सवय लावा. अक्षरांचा आकार वाढवा, संध्याकाळी पडद्याचा निळा उजेड कमी करा. गेमचा हेडफोन ऑनलाइन तासाला चांगलाच चालतो.

६) नेटवर्क नसलेल्या गावासाठी

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्याचं आहे. अशा ठिकाणी मोठी साठवण असलेला संगणक म्हणजे गावचं ग्रंथालय होऊ शकतो. पावसाळ्याआधी बालभारतीची पुस्तकं, जिओजेब्रा, फेटची विज्ञान सिम्युलेशन्स उतरवून ठेवा. किविक्स या मोफत सॉफ्टवेअरमधून मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वाचता येतो. एक मोठा गेम १०० जीबीचा असू शकतो. दिवसाला दोन जीबी डेटा मिळत असेल तर तेवढ्यात पन्नास दिवसांचा डेटा संपतो. आधी काय उतरवायचं, हे मुलांसोबत बसून ठरवा.

शिक्षकांसाठी एक युक्ती. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर गेमचं थेट प्रक्षेपण करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे. त्यातच आपला पाठ सुंदर ध्वनिमुद्रित होतो, आणि ग्राफिक्स कार्ड व्हिडिओचं काम उचलत असल्यानं संगणक अडखळत नाही. पाठ पेनड्राइव्हवर घाला आणि पुढच्या गावच्या शाळेत पाठवा. माडिया बोलणारी मुलं असतील तर मोठ्या वर्गातल्या एखाद्या मुलीकडून माडियात समजावणीही मुद्रित करून घ्या.

७) अजून घेतला नसेल तर

मुलानं मागणी केली की तीन प्रश्न विचारा. तुझ्या अभ्यासक्रमातलं कोणतं सॉफ्टवेअर? त्याला किमान काय लागतं? ते कोणत्या वर्षी लागणार? उत्तर लेखी मागा. तिसऱ्या वर्षी लागणार असेल तर आज घेऊ नका, तोवर तेवढ्याच पैशात सरस यंत्र मिळेल. उत्तरच नसेल तर साधा संगणक घ्या आणि उरलेले पैसे फी, पुस्तकं आणि यूपीएससाठी ठेवा.

आणि घेतलेलाच असेल तर पोराला रोज टोमणे मारू नका. त्याला यंत्राची आवड आहे, ती खरी आहे. घरचा वीजबिलाचा तक्ता, आईच्या बचतगटाचा हिशेब, बहिणीचा शिष्यवृत्ती अर्ज अशी कामं त्याच्याच हाती द्या. घराला उपयोगी पडणाऱ्या यंत्राला कोणी "गेमचा डब्बा" म्हणत नाही.

वर्गासाठी उपक्रम: प्रत्येक विद्यार्थ्यानं आठवडाभर आपल्या घरच्या एका उपकरणाचे वॅट आणि वापराचे तास लिहावेत. शनिवारी सगळ्यांची युनिटं फळ्यावर मांडा. सगळ्यात जास्त वीज कोण खातं, आणि त्यातली कामाची किती, याची चर्चा मुलांनाच करू द्या.