उपग्रहाचे चित्र आणि गावाची पाहणी

वाळवंट म्हणताच राजस्थानची वाळू आठवते. परंतु वन विरळ होणे, पावसाने माती वाहून जाणे, खाणकामाने भूमी उघडी पडणे हीदेखील भूमीच्या ऱ्हासाचीच रूपे होत. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राच्या २०२१ मधील नकाशासंग्रहानुसार, २०१८-१९ मध्ये देशातील सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर क्षेत्र ऱ्हास व वाळवंटीकरणाने ग्रासलेले होते.

हा ऱ्हास उपग्रहचित्रांवरून मोजता येतो. अवरक्त किरणांच्या आधारे रंगविलेल्या चित्रात जोमदार झाडोरा लाल दिसतो, तर चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या उघड्या खाणी काळसर दिसतात. निरनिराळ्या वर्षांची चित्रे, जमिनीचा उतार, माती व शिवेचे नकाशे भौगोलिक माहिती प्रणालीत एकावर एक ठेवले की बदल नेमका कोठे झाला ते उमगते.

तथापि, चित्र वाचताना सावधगिरी हवी. साग पानझडी वृक्ष असल्याने उन्हाळ्यातील चित्रात निकोप सागवनही उजाड भासते. म्हणूनच भारतीय वन सर्वेक्षण संस्था वनाच्छादनासाठी मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरमधील चित्रे निवडते. उलट, दाट छत्राखाली चराईने खुंटलेली रोपे वरून दिसत नाहीत.

येथे ग्रामसभेचे महत्त्व आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाले. अशा गावांनी नकाशा हाती घेऊन वन पायी तपासले, तर बांध कोठे घालावा आणि चराई कोठे थांबवावी याचा निर्णय अचूक होईल. नकाशा ठिकाण दाखवितो; कारण शिवारातच सापडते.