गणिताची शिकवणी कोणाकडे लावू?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. एनएमएमएस शिष्यवृत्ती परीक्षा द्यायची म्हणते, पण गणित कच्चं आहे. मंचरला क्लास लावू की गावातच कोणी बघू? – एक पालक, महाळुंगे पडवळ

उत्तर : आधी पेपर बघा. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न, शालेय क्षमता चाचणीचे ९०. त्यात गणिताचे फक्त २०. म्हणजे नुसता गणिताचा शिक्षक शोधलात तर अर्धी लढाई बाकीच राहील.

फ्लेक्सवरचे फोटो बघून क्लास ठरवू नका. शिकवणाऱ्यासमोर मुलीला बसवा आणि एकच गणित द्या : पाऊण भागिले अर्धा. "खालचा अपूर्णांक उलटा कर नि गुण" एवढंच सांगून ते पुढे गेले, तर नमस्कार करून उठा. पाऊण भाकरीत अर्ध्या भाकरीएवढे वाटे किती, तर दीड, हे जो चित्र काढून दाखवेल तो कामाचा. मग तो गावातला बीएस्सी झालेला पोरगा असला तरी चालेल. मंचरला जाण्यायेण्यातच मुलगी दमली तर अभ्यास कधी करणार?

शाळेतल्या सरांनाच शिकवणीसाठी गळ घालू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार त्यांना खासगी शिकवणी घेता येत नाही. शाळेत शंका विचारायला मात्र कसली आडकाठी? महिन्याची फी महिन्यालाच द्या, वर्षाची एकदम नको.

निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची आहे, तेव्हा घोडेगावच्या तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.