अभ्यासपाठ : गहाण पांघरूण आणि गावची पतपेढी

वाचन : निर्गम 22:25-27

गरिबाला उसने दिले तर व्याज लावू नये, आणि त्याचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्य मावळण्यापूर्वी परत करावे, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. उपासनेत ही आज्ञा ऐकणे सोपे आहे. पण ज्याची जमीनच सावकाराकडे अडकली आहे, त्याला तिचा उपयोग काय?

एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूरच्या (आजच्या झारखंडातील) मुंडा आणि उराव गावांपुढे हाच प्रश्न होता. खुंटकट्टी, म्हणजे रान तोडून शेत करणाऱ्या कुळाचा जमिनीवरील सामाईक हक्क, कचेरीत मानला जात नव्हता. जमीन जमीनदारांच्या हाती जात होती आणि वर वेठबिगार होतीच. 1885 साली तेथे आलेले बेल्जियन येशूसंघीय फादर कॉन्स्टंट लीव्हन्स लोकांना कोर्टकज्ज्यांत मदत करू लागले. हजारो लोक ख्रिस्ती झाले. त्यांत जमीन वाचेल ही आशाही होती, हे लपवण्याचे कारण नाही. पण एका खटल्याने एकाच घरचे शेत वाचते.

जर्मन येशूसंघीय फादर जॉन हॉफमन यांनी आधी मुंडारी भाषा आणि मुंडांची जमीनपद्धत समजून घेतली. 1908 चा छोटा नागपूर कुळकायदा तयार होताना ही माहिती कामी आली. आदिवासीची जमीन सहजासहजी बाहेरच्याच्या हाती जाऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. मात्र याचे सगळे श्रेय मिशनला देणे खरे होणार नाही. सरकारला जाग आणली ती बिरसा मुंडांच्या उलगुलानाने. बिरसा मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मिशन सोडून गेले. 1899 च्या नाताळात हॉफमन यांच्या सरवदा मिशनवरही बाण सुटले होते. आपल्या मंडळींनी हा भाग गाळून इतिहास सांगू नये.

कायद्याने जमीन राखली, तरी पेरणीच्या वेळी बियाणे कुठून आणायचे? म्हणून 1909 मध्ये हॉफमन यांनी सहकारी पतसंस्था उभी केली. धान्य साठवून अडीअडचणीला उसने देणारी कोठारेही निघाली. नमुना होता जर्मनीतील रायफायझेन यांचा. हे गृहस्थ एका खेड्यांच्या समूहाचे महापौर आणि श्रद्धाळू प्रॉटेस्टंट होते. ओळखीच्या गावकऱ्यांनी ठेवी ठेवायच्या, ओळखीच्यालाच कर्ज द्यायचे आणि ते कशासाठी हवे हे विचारायचे, अशी त्यांची रीत. दान घेणारा वाकून उभा राहतो. सभासद मात्र हिशेब विचारतो.

पहिल्या महायुद्धात, 1915 साली, जर्मन म्हणून हॉफमन यांना भारताबाहेर पाठवण्यात आले. ते पुन्हा परतले नाहीत. पतसंस्था चालू राहिली.

गटात बोलण्यासाठी : आपल्या पाड्यावर पावसाळ्यात खावटीसाठी पहिला हात कोणापुढे पसरला जातो? बचत गटाची हिशेबवही किती जणींना स्वतः वाचता येते? ज्यांना येत नाही, त्यांना ती कोण वाचून दाखवते?